पावसाळ्यात आणलेल्या पिलांची ऊब

लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तळेगावकडे येता येता त्याचे मान पुष्कळ कमी होत जाते, परंतु नाणे मावळ, पवन मावळ व आंदर मावळ या खोऱ्यांत श्रावणापर्यंत ओल हटत नाही. भातलावणी आटोपली की हाती थोडी सवड मिळते आणि नेमक्या याच दिवसांत आपल्याकडील पुष्कळ शेतकरी बंधू-भगिनी एक दिवसाची पिल्ले घरी आणतात. ती आणू नयेत असे नाही. मात्र या हवेत पहिल्या आठवड्यात होणारी बरीचशी मर ही रोगाने नसून गारठ्याने होते, हे ग्रामसेवकांनी व पाळणाऱ्यांनी ध्यानी घेतले पाहिजे.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी नाणे मावळातील एका भगिनीस मी १०० पिल्ले घेण्यास उत्तेजन दिले होते. खाद्य, पाणी, दिव्याची उंची, सर्व काही समजावून सांगितले. रात्री वीज गेल्यास काय करणार, एवढे मात्र विचारावयाचे राहिले. तिसऱ्या रात्री वीज गेली. सकाळी ३८ पिल्ले खोलीच्या कोपऱ्यात एकावर एक चेंगरून मेलेली आढळली. बाईंनी मला दोष दिला नाही. पैसे मात्र त्यांनी भाताच्या खतासाठी बाजूस ठेवलेल्यांतील होते.

पिलाच्या अंगावरील लव म्हणजे पिसे नव्हेत. पहिले आठ-दहा दिवस त्यास स्वतःची उष्णता राखता येत नाही. त्याच्या पोटात अंड्यातील बलकाचा अंश शिल्लक असतो व त्यावर ते दोन दिवस तग धरते. पण गारठा लागल्यास हा बलक नीट जिरत नाही, पिलू मलूल होते आणि गुदद्वाराशी विष्ठा चिकटू लागते. म्हणून पुण्यास खडकी येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून असो वा खाजगी केंद्रातून असो, पिल्ले घरी येण्यापूर्वी एक दिवस अगोदर जागा तापवून ठेवावी. पिल्ले दारात आल्यावर दिवा शोधू नये.

जागा गोल असावी, कारण पिल्ले कोपऱ्यातच चेंगरतात. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा वळवून पाच फूट व्यासाचे कडे केल्यास ते १०० पिलांस पहिले काही दिवस पुरते. पुढे ते वाढवीत जावे. तळाशी भाताचे कोरडे तूस दोन इंच पसरावे. मावळात तुसाला तोटा नाही, पण ते पावसापूर्वीच गिरणीतून आणून कोरड्या जागी ठेवावे. पावसात आणलेले तूस दमट असते व त्यावर बुरशी धरते. मधोमध बांबूची मोठी टोपली उलटी टांगून तिच्या आत तारेचे १०० वॅटचे दोन दिवे लावावेत. एलईडी दिव्याचा येथे उपयोग नाही. तो उजेड देतो, ऊब देत नाही.

पहिल्या आठवड्यात टोपलीखाली ३५ अंश सेल्सियस उष्णता लागते. पुढे दर आठवड्यास ती सुमारे तीन अंशांनी उतरवावी. उष्णतामापक असावाच, परंतु त्याहून पिलांकडे पाहावे. ती दिव्याखाली दाटीने बसून चिवचिवाट करीत असतील तर दिवा खाली घ्यावा. चोच उघडून कड्याला टेकली असतील तर वर न्यावा. एकाच बाजूस गोळा झाली असतील तर कोठून तरी झोत येत आहे. सर्वत्र सारखी पसरून खात-पीत असतील तर काम ठीक चालले आहे. ही पाहणी रात्री दहा वाजता व पुन्हा पहाटे करावी.

पावसाच्या बाजूस गोणपाट लावावे, पण वरचा वीतभर भाग उघडाच ठेवावा. कोळशाच्या शेगडीविषयी येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. धूर थांबला तरी निखाऱ्यांतून निघणारा वायू दिसत नाही व त्यास वासही नसतो. बंद खोलीत तो पिलांप्रमाणेच माणसांसही मारतो.

पिल्ले येताच प्रथम कोमट पाणी द्यावे, त्यात थोडा गूळ घालावा. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिलू बुडत नाही. पाण्यानंतर पहिल्या दिवशी मक्याचा बारीक भरडा व पुढे पिलांचे तयार खाद्य द्यावे. मानमोडीची लस साधारण सातव्या दिवशी देतात. ती पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्यावी. उंदीर, घूस, मुंगूस व मांजर यांसाठी खिडकीस अर्धा इंची जाळी ठोकावी आणि भिंतीच्या तळाची बिळे आधीच बुजवावीत. घरी खुडूक कोंबडी असल्यास तिच्याखाली रात्री हलकेच बारा-पंधरा पिल्ले सरकवावीत. तिच्याइतकी चांगली ऊब कोणताही दिवा देत नाही.

आता वीज जाण्याविषयी. पिल्ले ज्या पुठ्ठ्याच्या पेटीतून येतात तिला सामान्यतः चार कप्पे असतात व प्रत्येकात २५ पिल्ले मावतात. ही पेटी पुष्कळजण चुलीत घालतात. ती जपून ठेवावी. वीज गेली की कप्प्यांत थोडे तूस पसरून पिल्ले २५-२५ अशी परत त्यात ठेवावीत. पेटीची भोके मोकळी ठेवून वरून घोंगडी टाकावी आणि शेजारी गरम पाण्याची कळशी गोणपाटात गुंडाळून ठेवावी. लहान गटात ती एकमेकांस ऊब देतात व चेंगरत नाहीत. दर तासाने हात घालून पाहावे व पाणी निवाले की बदलावे.

त्याच भगिनीने पुढील वर्षी पुन्हा १०० पिल्ले आणली. त्या श्रावणात वीज दोनदा गेली व दोन्ही वेळा पेटी कामास आली. चार पिल्ले गेली, त्यांतील दोन मांजराने नेली.