इक्वलायझरची जागा

इक्वलायझर घेणाऱ्याचं सगळं लक्ष पुढच्या पट्टीवर असतं. दहा उभ्या खाचा, त्यांत वर-खाली सरकणारे स्लायडर, वर नाचणारे लाल-हिरवे दिवे. पण हे यंत्र आवाज सुधारणार की बिघडवणार, याचा मोठा निकाल मागच्या बाजूला लागतो. कुठली वायर कुठे जाते, सिग्नल कोणत्या टप्प्यावर इक्वलायझरमध्ये शिरतो आणि कुठून बाहेर पडतो, हे चुकलं तर पुढचे स्लायडर कितीही कौशल्यानं हलवले तरी उपयोग नाही. हल्ली जुने ॲम्प्लिफायर, टर्नटेबल आणि कॅसेट डेक पुन्हा घरोघरी साफ होऊन चालू होत आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून एखादा इक्वलायझरही खाली आला असेल, तर तो भंगारात देण्याआधी हे वाचावं.

मुळात हे तंत्र टेलिफोनमधून आलं. लांबच्या तारेतून जाताना आवाजातल्या वरच्या वारंवारता जास्त क्षीण होत आणि पलीकडचं बोलणं दबकं ऐकू येई. जे वाटेत हरवलं ते भरून काढणारी मंडलं अभियंत्यांनी तारेला जोडली. पुढे बोलपटांच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या कामात ती आली. घरच्या ॲम्प्लिफायरवर आपण जे बास आणि ट्रेबलचे खटके फिरवतो, त्यामागचं सर्वाधिक वापरलं गेलेलं मंडल पीटर बॅक्संडॉल या इंग्रज अभियंत्यानं १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं. बास-ट्रेबलचे दोन खटके सप्तकांच्या मोठ्या पट्ट्याला एकदम हात घालतात. दहा स्लायडरचा इक्वलायझर ऐकू येणारा सगळा पल्ला एकेका सप्तकात वाटून देतो: साधारण ३१, ६२, १२५, २५०, ५०० हर्ट्झ, मग १, २, ४, ८ आणि १६ हजार हर्ट्झ. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट, कारण सप्तक म्हणजे दुपटीचंच नातं.

आपल्या संगीताच्या भाषेत हे आकडे लगेच ओळखीचे होतात. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज सुमारे १४० हर्ट्झवर असतो, गायिकेचा काळी चारचा २०८ च्या आसपास. म्हणजे १२५ आणि २५० चे स्लायडर गळ्याच्या मुळाशी बसलेले आहेत. डग्ग्याचा घुमारा त्याच्या खाली. शब्द स्पष्ट कळतात ते १ हजार ते ४ हजारांमुळे, आणि स, श, च यांची धार त्याच्याही वर. भावगीतात शब्द बुडाल्यासारखे वाटत असतील, तर बहुतेक लोक ट्रेबल वाढवतात. त्यानं झांजा आणि टेपची खरखर वाढते, शब्द तिथेच राहतात. उलट २५० चा स्लायडर दोन-तीन डेसिबल खाली घेतला की गळ्यावरचं सावट हटतं. मला वाटतं, हा एकच प्रयोग इक्वलायझरची किंमत वसूल करून देतो.

आता जोडणी. तिचा मूळ नियम एकच: सिग्नल लहान असतानाच इक्वलायझरनं त्याला हात लावायचा. सीडी प्लेअर, ट्यूनर, कॅसेट डेक यांच्या मागून निघणारा सिग्नल पाव-अर्ध्या व्होल्टपासून फार तर दोन व्होल्टपर्यंत असतो. हाच ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडून स्पीकरकडे निघाला की त्याचा अवतार बदलतो. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे म्हणजे २० व्होल्ट लागतात. घरच्या इक्वलायझरच्या इनपुटला ही ताकद सोसणारी नाही. म्हणून स्पीकरच्या वायरी इक्वलायझरमध्ये आणि तिथून स्पीकरला, ही जोडणी घरात कधीही करायची नाही. यंत्र जळतं, कधी ॲम्प्लिफायरलाही सोबत नेतं.

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर यासाठी तयार वाट असते, तिचं नाव टेप मॉनिटर. कॅसेट डेकवर ध्वनिमुद्रण करण्यासाठी सिग्नल बाहेर काढायचा आणि डेकचा आवाज परत आत घ्यायचा, अशी ही ये-जा. इक्वलायझर नेमका तिथेच बसतो. ॲम्प्लिफायरच्या ‘टेप रेक’ किंवा ‘रेक आउट’ लिहिलेल्या जोडीतून आरसीए केबल इक्वलायझरच्या ‘लाइन इन’मध्ये. इक्वलायझरच्या ‘लाइन आउट’मधून दुसरी केबल ॲम्प्लिफायरच्या ‘टेप प्ले’ किंवा ‘टेप इन’मध्ये. लाल पिन उजव्या बाजूची, पांढरी डाव्या बाजूची. दोन्ही टोकांना रंग जुळले पाहिजेत. मग पुढच्या बाजूचं टेप मॉनिटरचं बटण दाबायचं. हे बटण दाबल्याशिवाय सिग्नल इक्वलायझरकडे जातो, पण परत येत नाही. स्लायडर हलवले तरी आवाजात काही फरक पडत नाही म्हणून दुरुस्तीला दिलेल्या कित्येक इक्वलायझरचा दोष एवढाच असतो. या वाटेचा फायदा असा की रेडिओ, सीडी, टर्नटेबल, काहीही लावलं तरी ते इक्वलायझरमधून जातं. कॅसेट डेकची जागा मात्र त्यानं घेतलेली असते. म्हणून बऱ्याच इक्वलायझरच्या मागे डेकसाठी वेगळी ‘टेप’ जोडी दिलेली असते. डेक आता तिथे लावायचा.

दुसरी जागा प्री-आउट आणि मेन-इन यांच्या मधली. काही ॲम्प्लिफायरच्या मागे या दोन जोड्या इंग्रजी ‘यू’ आकाराच्या धातूच्या पिनांनी जोडलेल्या दिसतात. ॲम्प्लिफायर बंद करून त्या पिना काढायच्या, जपून ठेवायच्या आणि मधे इक्वलायझर घालायचा. या दोन जागांत मी टेप मॉनिटरच निवडेन. तिथे सिग्नल आवाजाच्या खटक्याच्या आधी अडवलेला असतो, त्यामुळे रात्री आवाज बारीक केला की इक्वलायझरची स्वतःची सरसरही बारीक होते. प्री-आउटच्या जोडणीत इक्वलायझर खटक्याच्या नंतर येतो. संगीत हळू झालं तरी सरसर जशीच्या तशी कानावर येते. मालकंसाच्या संथ आलापात ती फार खुपते.

या दोन्ही वाटा नसतील तर साधन आणि ॲम्प्लिफायर यांच्या मधे इक्वलायझर बसवता येतो, फक्त तो त्या एका साधनापुरता चालतो. आजच्या होम थिएटर रिसीव्हरमध्ये बहुधा हेच करावं लागतं, कारण टेप मॉनिटर त्यांतून गेला. एचडीएमआयनं येणाऱ्या आवाजाला मात्र असा जुना इक्वलायझर जोडताच येत नाही. त्या रिसीव्हरमधली अंतर्गत सोयच वापरावी. टर्नटेबलबाबत एक इशारा: त्याची तार थेट इक्वलायझरला जोडू नये. सुईकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असतो, आणि तबकडी कापतानाच तिचा खर्ज कमी आणि वरचे स्वर वाढवलेले असतात. तो हिशोब ॲम्प्लिफायरचं फोनो इनपुट आधी उलटा करतं, मग इक्वलायझरची पाळी.

जोडून झालं आणि स्पीकरमधून सतत ‘गूं’ ऐकू येऊ लागलं, तर ती आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घरघर समजावी. इक्वलायझर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावले, आरसीए केबल आखूड ठेवल्या आणि त्या पॉवर केबलच्या शेजारून नेल्या नाहीत, तर ती बहुतेक वेळा जाते. अर्थची पिन कापून घरघर घालवायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नये. ती पिन आपल्या जिवासाठी आहे.

स्लायडरबद्दल माझं मत ठाम आहे: आधी कमी करावं, वाढवणं शेवटी. ३ डेसिबल वाढवले की त्या पट्टीपुरती ॲम्प्लिफायरकडून दुप्पट ताकद मागितली जाते. १२ डेसिबल म्हणजे जवळपास १६ पट. ३१ हर्ट्झचा स्लायडर वरच्या टोकाला नेऊन छोट्या स्पीकरमधून खर्ज निघत नाही, फक्त ॲम्प्लिफायर दमतो आणि आवाज फाटतो. शिवाय खर्जाचा गोंधळ पुष्कळदा खोलीचा असतो. समोरासमोरच्या भिंतींतलं अंतर १० फूट असेल तर त्यांच्यामधे ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज उभा राहून फुगतो, आणि दहा बाय दहाच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्ही मिळून तीच वारंवारता फुगवतात. अशा खोलीत आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, मग ६२ चा स्लायडर खाली आणावा. हळू आवाजात खर्ज कमी भासतो, तो तर कानाचा स्वभावच. फ्लेचर आणि मुनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच तो मोजून दाखवला होता. त्यामुळे रात्रीच्या हळू आवाजासाठी लावलेली मांडणी दिवसा मोठ्या आवाजात तशीच ठेवू नये. बदल चांगला झाला का, हे बायपासचं बटण दाबून पाहावं, पण दोन्हीकडचा आवाज सारखा मोठा असताना. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, आणि त्या फसवणुकीत माणूस एकामागून एक सगळे स्लायडर वर नेतो.

गाडीत नियम तोच, वाट वेगळी. स्टिरिओच्या मागे आरसीए प्री-आउट असेल तर तिथून केबल इक्वलायझरला, आणि इक्वलायझरकडून डिक्कीतल्या किंवा सीटखालच्या ॲम्प्लिफायरला. बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या वायरींत बहुधा पिवळी कायम १२ व्होल्टची, लाल चावी फिरवल्यावर चालू होणारी, काळी अर्थची आणि निळी-पांढरी ॲम्प्लिफायर चालू करणारी रिमोट वायर असते. कंपनीतून आलेल्या गाडीचे रंग मात्र वेगळे असू शकतात. मल्टिमीटर लावून पाहिल्याशिवाय एकही वायर सोलू नये, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं ऋण टोक काढून ठेवावं. इक्वलायझरला रिमोट-आउट असेल तर निळी-पांढरी वायर आधी त्याच्याकडे आणि तिथून ॲम्प्लिफायरकडे न्यावी. इक्वलायझर आधी जागा झाला की स्पीकरमध्ये चावी फिरवताना होणारा ‘धप’ आवाज टळतो. अर्थची वायर वीतभर-दीड वीत, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्याला घट्ट आवळलेली हवी.

कंपनीच्या स्टिरिओला प्री-आउट नसेल तर स्पीकरच्या वायरींवर हाय-लो कन्व्हर्टर लावतात. तो मोठा सिग्नल लहान करून आरसीएतून देतो, आणि पुन्हा आपण मूळ नियमावर येतो. इथेच सर्वात महागडी चूक होते. आजच्या स्टिरिओत स्पीकरची ऋण वायर म्हणजे बॉडी अर्थ नव्हे. दोन्ही वायरींवर सहा व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि दोन्ही मिळून स्पीकर हलवतात. जुन्या काळच्या बऱ्याच कार इक्वलायझर-बूस्टरमध्ये सगळ्या स्पीकरांची ऋण वायर एकत्र करून अर्थला जोडायची पद्धत होती. ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीतून जपून काढलेला असा बूस्टर नव्या स्टिरिओला तसाच जोडला, तर स्टिरिओच्या आउटपुटची चिप जाते. त्याच्या देखण्या पट्टीचा मोह असेल तर मधे कन्व्हर्टर घालायलाच हवा, आणि बूस्टरच्या स्पीकर आउटपुटची अर्थ तपासायलाच हवी.

मांडणी इंजिन बंद असताना करून थांबू नये. रस्त्यावर टायरची आणि इंजिनाची घरघर नेमकी खर्जावर पसरते, त्यामुळे घाटातून उतरताना खर्ज गायब झाल्यासारखा वाटतो. तिथे थोडी वाढ न्याय्य आहे; मात्र बंद काचांच्या छोट्या केबिनमध्ये अगदी खालच्या स्वरांना आपोआप जोर मिळतो, म्हणून ३१ चा स्लायडर शून्यावरच ठेवून ६२ आणि १२५ वर हात चालवावा. आपल्याकडे चालक उजव्या दाराच्या स्पीकरला खेटून बसतो. गायक उजवीकडे सरकल्यासारखा वाटतो तो इक्वलायझरचा दोष नव्हे. बॅलन्स दोन घर डावीकडे घेतला की तो समोर येतो.

गाडी चालू केल्यावर एक बारीक ‘सूं’ येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबताच तिची पट्टी चढत असेल, तर ती अल्टरनेटरची. ॲम्प्लिफायरला आलेली आरसीए केबल काढून पाहावी. ‘सूं’ तरीही राहिली तर ॲम्प्लिफायरचीच अर्थ सैल आहे. गेली, तर केबल परत लावून इक्वलायझरकडची काढावी आणि एकेक टप्पा मागे सरकत जावं. आरसीए केबल बॅटरीच्या जाड वायरीबरोबर एकाच बाजूनं नेली असेल तर ती उचलून गाडीच्या दुसऱ्या कडेनं, पायपुसण्याखालून न्यावी लागते.