संधिशूलातील तैलयोजना : साम-निराम विवेक

संधिशूलाचा रुग्ण चिकित्सालयात येतो तो बहुधा घरी कोणते तरी तेल चोळूनच. काहींना त्याने उतार पडलेला असतो, तर काहींची सूज वाढलेली असते. तेल एकच असता परिणाम भिन्न का, याचे उत्तर व्याधीच्या अवस्थेत आहे.

संधिगतवात

हा प्रायः उतारवयातील व्याधी. आकुंचन-प्रसारणाच्या वेळी वेदना, श्रमाने शूलवृद्धी आणि सांध्यात कटकट आवाज ही लक्षणे आढळतात. येथे वाताची रूक्षता प्रधान असून आमाची लक्षणे नसतात. म्हणून तिळतेल वा महानारायण तेलाचा अभ्यंग, तदनंतर स्वेदन आणि गुडघ्यास जानुबस्ती हितकर ठरते.

आमवात

माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे. अंगमर्द, अरुची, गौरव, ज्वर, अपचन आणि संधिशोथ ही त्याची लक्षणे होत. सकाळी सांधे बराच काळ जखडलेले राहतात. अशा साम, उष्ण व शोथयुक्त संधीवर तेल चोळल्यास स्रोतोरोध वाढून वेदना बळावते. चक्रदत्ताने प्रथम लंघन, स्वेदन आणि तिक्त, दीपन व कटू द्रव्ये सांगितली असून विरेचन, स्नेहपान व बस्ती यांचा निर्देश त्यानंतर केला आहे. स्वेदनही वालुकापोट्टलीचे, म्हणजे रूक्षच असावे.

एरंडस्नेहाचे वैशिष्ट्य

स्नेह असूनही आमवातात एरंडतेल प्रशस्त मानले जाते, कारण ते उष्ण, तीक्ष्ण, सूक्ष्म व विरेचक आहे. कोष्ठ, वय व बल पाहून ते शुंठीक्वाथासह द्यावे. या तेलात सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलिक आम्ल असते. ते आतड्यातील प्रोस्टाग्लँडिनच्या विशिष्ट ग्राहकांवर कार्य करून विरेचन घडविते, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. गर्भिणी, आंत्रावरोध, अतिसार आणि निदान न झालेला तीव्र उदरशूल यांत ते सर्वथा वर्ज्य समजावे.

तेलाच्या कॅप्सूल

इव्हिनिंग प्रिमरोझ, बोरेज आदी बीजतेलांच्या कॅप्सूलविषयी रुग्ण आता आवर्जून विचारतात. या तेलांत गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. ऱ्हुमॅटॉइड संधिशोथात त्यांपासून काही प्रमाणात लाभ संभवतो, असा निष्कर्ष २०११ च्या कॉक्रेन समीक्षेत आहे. तथापि ती पूरक होत, मुख्य चिकित्सा नव्हे. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना ती विचारपूर्वकच द्यावीत.

वैद्यांचे उत्तरदायित्व

ऱ्हुमॅटॉइड संधिशोथात पहिल्या दोन वर्षांतच अस्थींची झीज सुरू होऊ शकते आणि एकदा आलेली विकृती परतत नाही. म्हणून ईएसआर, आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी या तपासण्या वेळीच करवून घ्याव्यात. चालू असलेली आधुनिक औषधे रुग्णास परस्पर बंद करू देऊ नयेत. तेलाची बाटली हाती घेण्यापूर्वी जिव्हा पाहावी, क्षुधा विचारावी आणि सकाळचा स्तंभ किती वेळ राहतो हे जाणून घ्यावे. तेल कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.