तळे उपसताना बेडकांचाही विचार

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्या न्यासाचे जुने तळे साफ करावे, ही सूचना सर्व सभासदांस पसंत पडली. चारी बाजूंस चिऱ्यांचा कठडा बांधून आत मासे सोडावेत, असे पुष्कळांचे मत आहे. त्यात बेडकांची सोय राहावी, असा आग्रह आम्ही धरला, तेव्हा काहींना हसू आले. म्हणून हा खुलासा.

गोव्यातील मोठा बेडूक मृगाच्या सरींबरोबर बाहेर पडतो. विणीच्या दिवसांत नर पिवळाधमक होतो व त्याच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात. मादी अंडी घालते ती उथळ पाण्यात. अंड्यांतून निघालेली शेपटीची पिल्ले माशांप्रमाणे कल्ल्यांनी श्वास घेतात. पाय फुटल्यावर त्यांस जमिनीवर यावे लागते. उभ्या कठड्यावरून ती चढणार कशी?

आज तळ्यावर केंदाळ माजले आहे. त्याखाली ऊन पोचत नाही, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि कुजका पाला तळाशी साचतो. हे काम वैशाखात, पाणी आटल्यावर करावे. उपटलेले केंदाळ दोन दिवस काठावरच ठेवावे, म्हणजे त्यात अडकलेले जीव परत जातील. मग त्याचे खत करावे. त्याचे बी गाळात अनेक वर्षे टिकते. सबब दरवर्षी फुलण्यापूर्वी ते काढावे लागेल. गाळ अर्धा यंदा, अर्धा पुढील वर्षी काढावा. तीन बाजूंस चिरे बसवावेत. चौथी मातीची, उतरती ठेवावी. पाण्यावर झुकलेल्या फांद्या तोडू नयेत; झाडावरचा बेडूक तेथे फेसाचे घरटे करतो व पिल्ले खाली पाण्यात पडतात.

मासे मात्र सोडू नयेत. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे बेडकांची पिल्लेही खातात. उन्हाळ्यात तळे आटते हा दोष नव्हे. त्यामुळेच मासे टिकत नाहीत आणि पावसाळ्यात पिल्ले वाचतात.

बेडकांच्या पायांची निर्यात १९८७ साली बंद झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचेही मोठ्या बेडकास संरक्षण आहे. तरीही पहिल्या पावसाच्या रात्री बत्त्या घेऊन त्यांस पकडणारे आहेतच, आणि नेमकी तीच विणीची रात्र असते. त्या रात्री आपल्या तरुण सभासदांनी तळ्याकाठी पहारा ठेवावा. पहाऱ्यास खर्च नाही. पण तो नसेल, तर उपसणीवर केलेला खर्च व्यर्थ जाईल.