दोन सेलचा धक्का

गेल्या वर्षी आमच्या वहिनींना कर्करोगावर किरणोपचार सुरू झाले. रोज रुग्णालयात नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे होते. चौथ्या दिवशी परतताना टॅक्सीत त्यांनी विचारले, "भावजी, त्या यंत्राखाली मला काही लागत नाही, भाजत नाही. मग आत होते तरी काय?"

तीस वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेला मी! थाटात म्हणालो, "किरण पेशींतले इलेक्ट्रॉन उडवतात. ते वेगवान इलेक्ट्रॉन डीएनएचे धागे तोडतात. वेग ओसरला की ते निरुपद्रवी." वहिनींनी मान डोलावली. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा कळले की उत्तराचे शेवटचे वाक्य चुकले.

वाचकहो, कॅरमची सोंगटी आठवा. स्ट्रायकर किती वळला, सोंगटी किती सरकली, यावरून टक्कर कळते. इलेक्ट्रॉनचेही तसेच. फ्रँक आणि हर्ट्झ यांनी १९१४ साली पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले, ४.९ व्होल्टपर्यंत ते नुसते उसळत, तिथे पोचले की शक्ती गमावत. आज निर्वात पात्रात पदार्थाची विरळ वाफ सोडून तिच्यावर ठरावीक शक्तीचे इलेक्ट्रॉन मारतात. कोणत्या कोनात किती विखुरले आणि वाफेतून किती आयन निघाले, हे मोजतात. डीएनएची मात्र वाफ होत नाही. तापवला तर तो मोडतो. म्हणून त्यातल्या साखरेच्या जागी टेट्राहायड्रोफ्युरानसारखा साधा रेणू घेतात.

कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठात लिओन सांश आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. जंतूंपासून मिळवलेल्या डीएनएच्या पीळदार कड्यांचा कोरडा पातळ थर निर्वातात ठेवून त्यांनी त्यावर ३ ते २० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले. एक धागा तुटला तर कडीचा पीळ सुटतो. दोन्ही तुटले तर कडीची सरळ दोरी होते. विजेच्या दाबाखाली जेलमधून हे तिन्ही प्रकार वेगवेगळ्या गतीने सरकतात, म्हणून वेगळे मोजता येतात. २००० साली निष्कर्ष छापला: रेणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी शक्ती नसतानाही धागे तुटतात! २००४ साली ४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आतही एक धागा तुटल्याचे दिसले. टॉर्चचे दोन सेल इलेक्ट्रॉनला ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देतात, म्हणजे केवढासा हा धक्का! असा मंद इलेक्ट्रॉन रेणूत क्षणभर अडकतो, रेणू ऋणभारित होतो आणि एखादा बंध सुटतो. किरणांनी दिलेल्या दर दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टमागे असे दुय्यम इलेक्ट्रॉन सुमारे ४० ते ५० हजार निघतात. अर्थात शरीरात पाणी असते, कोरडा थर नव्हे; हिशेब तेथे अधिक गुंतागुंतीचा.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीत बसताच म्हणालो, "वहिनी, काल मी चुकलो." सारे ऐकून त्या हसल्या. "म्हणजे धावत आलेल्या पाहुण्यानेच नव्हे, ओसरीवर टेकलेल्यानेही घर मोडते!" मग हळूच म्हणाल्या, "आणि माझ्या चांगल्या पेशी?"

"त्यांचेही धागे तुटतात. पण त्या पुष्कळदा सांधून घेतात. म्हणून तर रोज थोडेथोडे देतात."

त्या काही वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चुकलो म्हणालात ते बरे केलेत. आता पुढचे खरे वाटते."

यंदा चकल्या वहिनींनीच तळल्या. पहिली चकली मोडली. दुसरी मात्र जमली.