छपरावर राखणदार, अंगणात चोर

वाचकहो, ओझोन म्हटले की आपल्याला आकाशातले छत्र आठवते. ते खोटे नाही. प्राणवायूच्या नेहमीच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ह्या वायूची वस्ती. तो सगळा समुद्रसपाटीच्या दाबाखाली आणून पसरला, तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर! पण तेवढाच थर सूर्याचे घातक अतिनील किरण अडवतो, म्हणून माणसे, गुरे आणि पिके सुखरूप आहेत. १९८५ साली ह्या छत्राला अंटार्क्टिकावर खिंडार पडल्याचे जाहीर झाले. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर दोषी रसायने हळूहळू बंद झाली आणि ते खिंडार आता भरून येऊ लागले आहे. फुग्याला बांधून ओझोन मोजणारे भारतीय उपकरण पुण्याच्या हवामान खात्यात अ‍ॅना मणी यांच्या पुढाकाराने सिद्ध झाले, हे आपल्याला भूषणावह!

पण हाच राखणदार अंगणात उतरला की चोर होतो. मोटारींच्या धुरातले नायट्रोजनचे वायू आणि इंधनाच्या वाफा ह्यांच्यावर कडक ऊन पडले की जमिनीलगत ओझोन तयार होतो. मी हर्सूलला राहतो. जळगाव रस्त्यावरची वर्दळ दाराशी, तलाव हाकेच्या अंतरावर. गावाबाहेरची हवा चांगली, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. पण शास्त्र वेगळे बोलते. भर शहरात ताजा धूरच ओझोनला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर तो धूर वेशीबाहेर येतो, वाटेत उन्हात शिजतो, आणि ओझोन पुष्कळदा तेथेच अधिक साठतो.

हा वायू श्वासनलिकेचा दाह करतो. खोकला येतो, दमेकऱ्यांचा दमा बळावतो. झाडांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून आत शिरून तो पानांचे अन्न शिजवणे मंदावतो आणि त्यांना अकाली म्हातारे करतो. गहू, सोयाबीन, कापूस ही पिके त्याला विशेष बळी पडतात. मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा जीव तर कापूस-सोयाबीनवरच टांगलेला!

आता दिवाळीची एक गंमत. फुलबाज्यांच्या झगझगीत प्रकाशाने रात्रीही ओझोन तयार होतो, असे दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी २००१ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात नोंदवले. तेव्हा फुलबाज्या थोड्या, त्याही मोकळ्या अंगणात. आणि उन्हाळ्यात मुलांचे खेळ दुपारऐवजी सकाळी ठेवावेत, कारण ओझोनचा जोर दुपारी असतो. तोंडाला रुमाल बांधून भागणार नाही. रुमाल धूळ अडवतो, वायू नाही.