कचऱ्यापासून वीज : खर्चाचे गणित

शहरे वाढतात, तसे त्यांच्या वेशीवरील कचऱ्याचे ढीगही वाढत जातात. सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्लीतील गाझीपूर येथील अशाच एका प्रचंड ढिगाचा भाग कोसळून दोन व्यक्तींना प्राण गमवावे लागले. हा कचरा जाळून वीज निर्माण केली, तर त्याची विल्हेवाट लागेल आणि उत्पन्नही मिळेल, ही कल्पना साहजिकच आकर्षक वाटते. परंतु कचरा फुकट मिळतो, म्हणून त्यापासून मिळणारी वीज स्वस्त पडते, असे मात्र नाही.

या प्रकल्पात कचरा भट्टीत जाळून पाण्याची वाफ केली जाते व वाफेच्या दाबावर जनित्र चालते. भट्टी आणि जनित्र यांखेरीज धूर शुद्ध करणारी यंत्रणा उभारावी लागते. राखेचीही सुरक्षित व्यवस्था करावी लागते. त्यामुळे भांडवली खर्च मोठा असतो. तो मुख्यतः तीन मार्गांनी भागवला जातो : उभारणाऱ्या कंपनीचे भागभांडवल, बँकांचे कर्ज आणि सरकारी अनुदान. विजेचे दर ठरवताना केंद्रीय वीज नियामक आयोग कर्ज ७० टक्के आणि स्वतःचे भांडवल ३० टक्के असे प्रमाण धरतो. जमीन बहुधा महानगरपालिका नाममात्र भाड्याने देते.

कर्ज फेडायचे ते उत्पन्नातून. उत्पन्नाचा पहिला मार्ग म्हणजे वीजविक्री. आयोगाने २०१५ मध्ये मिश्र कचऱ्यापासून केलेल्या विजेसाठी प्रतियुनिट ७.०४ रुपये, तर कचऱ्यापासून तयार केलेल्या इंधनाच्या विजेसाठी ७.९० रुपये दर ठरवला. २०१६ च्या वीजदर धोरणाने अशी सर्व वीज विकत घेणे वितरण कंपन्यांना बंधनकारक केले. या चढ्या दराचा भार अखेर वीजग्राहकांवर पडतो. दुसरा मार्ग म्हणजे कचरा स्वीकारण्याबद्दल महानगरपालिकेने दर टनामागे द्यावयाचे शुल्क. ते नागरिकांच्या करांतून येते.

एक उदाहरण घेऊ. १० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालला, तर २,४०,००० युनिट वीज निर्माण होते. ती सर्व सात रुपये दराने विकली गेली असे मानले, तर दिवसाला १६ लाख ८० हजार रुपये मिळतील. कचरा ओला आल्याने निर्मिती निम्म्यावर आली, तर उत्पन्नही निम्म्यावर येते. कर्जाचा हप्ता मात्र निम्मा होत नाही.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने रोज ३०० टन कचरा जाळणारा ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प उभारण्यात आला. शहराच्या कचऱ्यात ओलावा व माती अधिक, उष्मांक कमी. परिणामी तो अल्पावधीतच बंद पडला. अशा अपयशांच्या पार्श्वभूमीवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या प्रकल्पांच्या अनुदानाला स्थगिती दिली. तज्ज्ञांच्या अहवालानंतर २००७ मध्ये केवळ पाच पथदर्शी प्रकल्पांना परवानगी मिळाली. पुढे स्वच्छ भारत अभियानात घनकचरा प्रकल्पांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत केंद्रीय साहाय्याची तरतूद झाली.

ताळेबंदात सहसा न दिसणारा खर्चही असतो. दिल्लीतील ओखला येथील प्रकल्प २०१२ मध्ये सुरू झाला. धुरामुळे आरोग्य धोक्यात येते, अशी तक्रार घेऊन शेजारच्या वस्तीतील रहिवासी न्यायालयात गेले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकल्प चालू ठेवण्यास अनुमती दिली, पण पर्यावरण भरपाईपोटी २५ लाख रुपये भरण्याचा आदेशही दिला. दुसरीकडे, कागद व प्लास्टिक उत्तम जळतात. म्हणून भट्टीला ते हवे असतात. त्याच वस्तू विकून कचरावेचक आपला संसार चालवतात.

यातून मार्ग कोणता? २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्यास सांगितले. पुनर्वापर होऊ न शकणारा आणि किलोमागे १,५०० किलोकॅलरी वा अधिक उष्मांकाचा कचरा ऊर्जेसाठी वापरावा, असेही त्यांत म्हटले होते. ओल्याचे खत वा वायू, पुनर्वापरयोग्य वस्तू कचरावेचकांकडे आणि उरलेलेच भट्टीत, असा क्रम ठेवला, तर प्रकल्प लहान लागतो, कर्जही कमी लागते. म्हणून बँकेने कर्ज देण्यापूर्वी आणि महानगरपालिकेने करार करण्यापूर्वी यंत्राइतकीच त्या शहरातील कचऱ्याची पारख करणे आवश्यक ठरते. ती पारख कशी उतरेल, हे मात्र घराघरांतील कचऱ्याच्या डब्यांवर अवलंबून असते.