झाडीतील श्रोता आणि त्याची सरमिसळ आवड

संगीताच्या शुद्धतेविषयी आपण शहरातील मंडळी पुष्कळ बोलतो. ख्याल कोठे संपला व ठुमरी कोठे सुरू झाली, नाट्यपदात गझलेचा ढंग किती यावा, चित्रपटातील चालीला घरात थारा द्यावा की देऊ नये, यांवर सुशिक्षित कुटुंबांतून पिढ्यान् पिढ्या वाद होत आले आहेत. या वादाचा वाराही न लागलेला एक मोठा श्रोतृवर्ग आपल्याच महाराष्ट्रात, वैनगंगेच्या खोऱ्यात, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील धानाच्या खेड्यांतून नांदत आहे. तो एकाच रात्री, एकाच मंडपात नाट्यपद ऐकतो, लावणी ऐकतो, भजनी वळणाचे पद ऐकतो, चित्रपटातील गीतही ऐकतो; आणि यांपैकी एक गाणे दुसऱ्याच्या जागेत घुसले असे पहाटे घरी परतताना त्याला मुळीच वाटत नाही. या श्रोत्याचा उत्साह कशावर पोसला जातो, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

झाडीपट्टी हे नाव सरकारी नकाशावर सापडावयाचे नाही. झाडी म्हणजे अरण्य. त्या अरण्याच्या आश्रयाने वसलेला चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चार जिल्ह्यांचा मुलूख तो झाडीपट्टी. गडचिरोली हा जिल्हा जुन्या चांदा जिल्ह्यातून 26 ऑगस्ट 1982 रोजी निराळा काढण्यात आला. परंतु ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या बाजूचा रसिक आणि आरमोरी, कुरखेड्याकडील रसिक यांच्यात त्या तारखेने काही अंतर पडले नाही. दोघांची झाडीबोली एक आणि दोघांचे वेडही एकच, ते म्हणजे नाटकाचे. दक्षिणेकडे भामरागड-एटापल्लीच्या दाट रानात माडिया लोकांची रेला गीते आहेत, सिरोंच्याकडे तेलुगू भाषा आहे, पूर्वेस छत्तीसगड लागून आहे. इतक्या निरनिराळ्या सुरांच्या शेजारात ज्याचा कान तयार झाला, त्याने एकाच घराण्याचे गाणे धरून बसावे अशी अपेक्षा करणेच चमत्कारिक आहे.

दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, आणि त्याच सुमारास गावोगाव मंडई भरू लागते. मंडई म्हणजे जत्रा. भाजीबाजाराशी तिचा संबंध नाही. पाहुणे येतात, मुलामुलींच्या सोयरिकी जुळतात, काही गावी बैलांचा शंकरपट होतो. रात्र मात्र नाटकाची. हा हंगाम होळीपर्यंत, कोठे कोठे त्याहूनही पुढे चालतो. या सर्व व्यवहाराची पेठ म्हणजे वडसा, अर्थात देसाईगंज. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील हे गाव एरवी लहानच. परंतु नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडे येथे असतात आणि खेड्यांतील मंडळे येथे येऊन प्रयोग ठरवितात. पूर्वी गावातील हौशी मंडळीच नाटक बसवीत आणि स्त्रीभूमिकेसाठी नटी तेवढ्या बाहेरून आणीत. आता बहुतेक काम पोटासाठी नाटक करणाऱ्या मंडळ्यांकडे गेले आहे. पैशाची जोखीम गावाची असते. म्हणून कोणते नाटक आणावे, त्यात गाणी किती असावीत, हे ठरविण्याचा अधिकारही गाव आपल्याकडे ठेवते. श्रोता येथे केवळ टाळ्या वाजविणारा नाही, यजमान आहे.

रात्री दहाच्या सुमारास प्रयोग उभा राहतो तो उजाडेपर्यंत. थंडी मी म्हणत असते. तीन पिढ्या एकाच सतरंजीवर, एकाच घोंगडीत बसलेल्या. आजोबांना पौराणिक पद हवे, सुनेला करुण प्रवेश हवा, नातवाला नाच आणि विनोद हवा. सात-आठ तास ही सारी मंडळी जागी ठेवावयाची तर एकाच रसाचे गाणे पुरत नाही, हे उघड आहे. जेवणाच्या पानात वरणभातही असतो, लोणचेही असते. कोणी त्याला संकर म्हणत नाही.

तथापि केवळ विविधता हे या उत्साहाचे पुरते उत्तर नव्हे. विविधता बाजारातही असते. खरे उत्तर रंगमंचाच्या पुढ्यात बसलेल्या वादकांपाशी सापडते. ऑर्गन, तबला, ढोलकी आणि अलीकडे त्यांच्या जोडीला विजेवर चालणारी पेटी व ऑक्टोपॅड, एवढाच संभार. नाट्यपद त्रितालात रंगले की तेच वादक पाठोपाठ केरव्यात लावणी उचलतात, आणि चित्रपटगीत आले की मूळच्या पन्नास वाद्यांचा मेळ दोन हातांच्या दहा बोटांवर उतरवून घेतात. नटाचा स्वर पट्टीला पोहोचत नसेल तर पट्टी उतरते; त्याचा दम कमी पडला तर मधली जागा ऑर्गन भरून काढतो. म्हणजे गाणी नाना गावची आली तरी ती एकाच गळ्यातून आणि एकाच पेटीतून बाहेर पडतात. मुंबईच्या चित्रपटाची चाल तेथे येते ती झाडीची होऊन येते. वन्समोअर मिळाला की गायक तेच पद पुन्हा म्हणताना त्याला नवी फिरत देतो, एखादा शब्द झाडीबोलीत फिरवितो, आणि मंडपात हशा पिकतो. हे पचविणे ज्याला साधते, त्याच्या हातून झालेली सरमिसळ श्रोता डोक्यावर घेतो.

आणि ही गोष्ट आपल्या प्रतिष्ठित संगीत नाटकाहून निराळी आहे असे कोणी समजू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास रंगभूमीवर आले, तेव्हा त्यात साकी होती, दिंडी होती, लावणीच्या वळणाच्या चाली होत्या, कानडी चालीही होत्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, ज्यांचा जन्म 1871 साली नागपुरास झाला, त्यांनी 1896 च्या ‘वीरतनया’त पारशी व गुजराती रंगभूमीवरील चाली आणल्या, तेव्हा त्या काळच्या अभिरुचिसंपन्न मंडळींनी नाके मुरडलीच. पुढे ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी 1911 साली पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग भरला. आज हे सारे एकत्र करून आपण त्याला शुद्ध नाट्यसंगीत म्हणतो! झाडीपट्टीने या परंपरेत दंडार व खडी गंमत ही आपली घरची लेणी घातली इतकेच. दंडारीत पुरुषच स्त्रीवेष घेऊन नाचत. खडी गंमत शाहिराच्या ढोलकी-डफावर उभ्या उभ्याच चाले. जाणत्यांना या दोन्हींच्या लकबी आजच्या नाटकातही ओळखू येतात.

पाश्चात्यांकडेही असा प्रकार आढळतो. तबकडीची एक बाजू तीनेक मिनिटांत संपत असे त्या काळी अनेक तबकड्या एका पुस्तकवजा वेष्टनात घालून विकत. त्या पुस्तकाला अल्बम म्हणत. पुढे 1948 साली दीर्घकाल वाजणारी तबकडी निघाली, पुस्तक गेले, नाव राहिले. इंग्लंडातील बीटल्स या चार तरुणांच्या मेळाने नोव्हेंबर 1968 मध्ये पांढऱ्या वेष्टनात एक जोड-अल्बम काढला. त्यात तीस रचना. काही अंगाईसारख्या, काही जुन्या नाटकगृहातील गाण्यांच्या धर्तीच्या, काही कानठळ्या बसविणाऱ्या, एक तर निव्वळ ध्वनींच्या तुकड्यांची. हा गोंधळ आहे असे म्हणणारे निघाले, आणि त्या गोंधळावरच जीव टाकणारे त्याहून अधिक निघाले. पुढे रॉकच्या नव्या शाखा फुटल्या तेव्हा तेथील तरुण श्रोत्यांनी हीच आवड पुढे चालविली. चार ओळखीचे गळे मागे असल्यामुळे तीस प्रकारही एका कुळातले वाटतात. वडशाच्या मंडपात आणि लंडनच्या ध्वनिमुद्रणगृहात एवढे साम्य मला तरी स्पष्ट दिसते.

आता काळजीची गोष्ट. गेल्या काही वर्षांत नाटकाच्या मध्ये, आणि कधी नाटकाला बाजूस सारून, ध्वनिमुद्रित गीतावरचा नाच शिरला आहे. त्याला तिकडे रेकॉर्डिंग डान्स असेच म्हणतात. वरवर पाहता ही आणखी एक सरमिसळच. मग हरकत कोणती? हरकत ही की ध्वनिमुद्रिका कोणासाठी थांबत नाही, पट्टी उतरवीत नाही, आणि तिला वन्समोअर दिला तर पहिल्यांदा म्हटले तेच अक्षरशः पुन्हा म्हणते. तबलजी त्या वेळी हात बांधून बसतो. गाणाऱ्या नटाऐवजी नाचणारे जोडपे स्वस्तात आणि लवकर मिळते, असा हिशेब एकदा मंडळ्यांच्या डोक्यात बसला की पदे गाणारा नट कोण तयार करील? ज्याची वर्षाची कमाई चार-पाच महिन्यांत व्हावयाची त्या ऑर्गनवाल्याला हा प्रश्न अभिरुचीचा नाही, चुलीचा आहे. 2020 सालच्या महामारीनंतरच्या हंगामात या लोकांनी काय सोसले असेल याची कल्पना शहरात बसून करणे कठीण आहे.

जुन्या पिढीतील नटांचा मान अलीकडे थोडा वाढला, हे मात्र नमूद केले पाहिजे. कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या अनेक घरांनी प्रथमच विचारले. तिकडच्या श्रोत्याला मात्र त्यांचे नाव कोणी सांगावयाचे उरले नव्हते.

मंडप भरण्याची चिंता आजही फारशी नाही. चिंता आहे ती मंडपात काय मागितले जाईल याची. यजमान गाव नाटक ठरवितानाच पदे किती आणि गाणारे कोण हे विचारते, तेथे मंडळी गाता नट घेऊन येते. जेथे नुसता नाच कोणता एवढेच विचारले जाते, तेथे तो घरी राहतो. आपणांपैकी कोणास हा प्रकार पाहावयाचा असेल तर मार्गशीर्ष-पौषात वडशाचे तिकीट काढावे, उबदार पांघरूण बरोबर घ्यावे, आणि जागा शक्य तो पुढे, ऑर्गनच्या अंगाला धरावी. तेथून पडद्यावरचे चित्र थोडे तिरपे दिसते. परंतु लावणी संपवून पदाकडे वळताना तबलजी हातोडी घेऊन तबल्याचा स्वर कसा बदलून घेतो, ते तेथूनच दिसते.